चाकांच्या मधली जागा: जगावेगळी डिझेल इंजिनं नॅरोगेजच्या मॉडेलमध्ये कशी उतरवायची

१९८० च्या दशकाच्या शेवटी पूर्व जर्मनीच्या रेल्वेने हार्झ डोंगरातल्या मीटरगेज लाइनसाठी एक खटाटोप केला. स्टँडर्ड गेजवर, म्हणजे एकमेकांपासून १४३५ मिमी अंतरावरच्या रुळांवर धावणारी व्ही-१०० जातीची तयार डिझेल इंजिनं घेतली, वरची बॉडी जवळपास तशीच ठेवली आणि खाली नव्या बोगी घातल्या. (या लेखात बोगी म्हणजे डबा नव्हे, त्याखालची चाकांची फिरती चौकट.) मूळ इंजिनाच्या प्रत्येक बोगीला दोन धुरे (अॅक्सल) होते, नव्या बोगींना तीन-तीन आले. साठेक टनांचं धूड चार धुऱ्यांवर उभं केलं की एकेका धुऱ्यावर पंधरा-सोळा टन येतात, आणि त्या लाइनीला दहाच्या आसपासच झेपत होते. तीस इंजिनं करायचा बेत होता, झाली दहा. उंच बॉडी, मध्ये ड्रायव्हरची कॅब आणि खाली अरुंद पाय, असं ते ध्यान पाहून लोकांनी त्याला ‘हार्झचा उंट’ म्हणायला सुरुवात केली.

टेबलावरच्या रुळांवर असले उंट कसे बनवायचे, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. तयार मिळणारं मॉडेल विकत घेऊन रुळांवर ठेवणं हा वेगळा छंद आहे आणि त्यात काही वाईट नाही. पण नॅरोगेजवरची बरीच डिझेल इंजिनं मुळातच जोडतोड करून बनलेली होती. त्यांची मॉडेलंही जोडतोडीतूनच चांगली होतात, असं माझं मत आहे.

गेज बदलायचं म्हणजे दोन चाकं जवळ आणायची, असं पहिल्यांदा वाटतं. चाकं जवळ येतात हो. खरा प्रश्न असतो तो त्यांच्या मध्ये आधी जे बसलेलं होतं, मोटर, गिअर, फ्रेम, त्याचं काय करायचं याचा. खऱ्या वर्कशॉपची गाडी याच ठिकाणी अडत होती आणि तुमचीही इथेच अडणार आहे.

आधी खऱ्या कारखान्यांनी काय केलं ते पाहू

ब्राझीलमधली विटोरिया-मिनास ही लोहखनिज वाहणारी लाइन मीटरगेज आहे, पण तिच्या गाड्या अगडबंब. १९७० च्या दशकात तिच्यासाठी अमेरिकेतल्या ईएमडी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने एसडी-४५ या आपल्या ३६०० अश्वशक्तीच्या इंजिनाची मीटरगेज आवृत्ती काढली, डीडीएम-४५. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनात सहसा प्रत्येक धुऱ्याला एक ट्रॅक्शन मोटर (चाकं फिरवणारी विजेची मोटर) असते आणि ती दोन चाकांच्या मध्येच लटकते. स्टँडर्ड गेजची मोटर एक मीटरच्या फटीत मावत नाही. मग मोटर लहान घ्यावी लागते, लहान मोटर कमी ताकदीची असते, म्हणून मोटरींची संख्या वाढवावी लागते. एसडी-४५ ला सहा धुरे होते. डीडीएम-४५ ला चार-चार धुऱ्यांच्या दोन बोगी, म्हणजे आठ धुरे झाले. पुढे त्याच लाइनीसाठी जनरल इलेक्ट्रिकनेही आपल्या डॅश-९ इंजिनाचं आठ धुऱ्यांचं रूप दिलं, मात्र त्यात दोन-दोन धुऱ्यांच्या चार बोगी होत्या.

याच्या अगदी उलट गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली. न्यू साउथ वेल्सच्या रेल्वेकडे वॉकर्स कंपनीने १९७० ते १९७३ मध्ये बनवलेली ७३ क्लासची पन्नास शंटिंग (यार्डात डबे हलवणारी) इंजिनं होती. ती निवृत्त झाल्यावर त्यांपैकी बरीच क्वीन्सलँडच्या साखर कारखान्यांनी घेतली आणि १४३५ वरून थेट ६१० मिमीवर, दोन फुटांवर आणली. माप निम्म्याहून कमी झालं आणि तरी इंजिनं वर्षानुवर्षं ऊस ओढत राहिली. हे जमलं, कारण ७३ क्लास डिझेल-हायड्रॉलिक होतं. त्यात धुऱ्यावर मोटर नसते. वरच्या ट्रान्समिशनमधून कार्डन शाफ्ट (सांध्यांवर वळणारा फिरता दांडा) खाली येतो आणि धुऱ्यावर फक्त एक गिअरपेटी असते. चाकांच्या मधली गर्दी मुळातच कमी होती.

वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेवर तिसरा प्रकार दिसतो. तिथलं ‘अपनॉर कासल’ हे हिबर्ड कंपनीचं इंजिन १९५४ मध्ये ७६२ मिमीच्या लष्करी लाइनीसाठी बनलं. मग ते वेल्शपूल-लॅनफेअर लाइनवर गेलं, १९६८ मध्ये फेस्टिनिऑगला आलं आणि तिथल्या ५९७ मिमीवर उतरलं. याच रेल्वेने पुढे दक्षिण आफ्रिकेतून फंकी कंपनीची, सिमेंट कारखान्याच्या लाइनीवर काम केलेली दोन इंजिनं आणली. ती मुळातच दोन फुटी होती, गेजचा प्रश्न नव्हता. अडचण होती ती उंची-रुंदीची. फेस्टिनिऑगचा बोगदा आणि कातळातले खोदरस्ते फार चिंचोळे. म्हणून ‘व्हेल ऑफ फेस्टिनिऑग’ हे एक इंजिन नव्या, बुटक्या बॉडीसह पुन्हा बांधलं. दुसरं, ‘कासल कार्नारव्हॉन’, जवळपास मूळच्याच अंगाने वेल्श हायलँड लाइनवर कामाला लागलं.

या सगळ्यातून आपल्या कामाचे तीन प्रश्न निघतात. चाकांच्या मध्ये काय आहे? वजन कुठे पडतं? आणि बॉडी वळणावर कुठे आपटते? पुढचे सगळे टप्पे याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

टप्पा १: प्रमाण आणि गेजची जोडी ठरवा

मॉडेलच्या रुळांची मापं मोजकीच आहेत: ६.५ मिमी (झेड), ९ मिमी (एन), १२ मिमी (टीटी), १६.५ मिमी (एचओ), ३२ मिमी (ओ), ४५ मिमी. नॅरोगेजचं मॉडेल करणारे लोक या तयार रुळांवर जास्त मोठ्या प्रमाणाची बॉडी चढवतात. हिशेब एका भागाकाराचा आहे: खऱ्या रुळांचं माप भागिले प्रमाण (१:८७ म्हणजे खऱ्याचा सत्याऐंशीवा भाग).

१:८७ मध्ये ७६० मिमीचे रूळ ८.७ मिमी होतात, म्हणजे ९ मिमीचे एनचे रूळ चालतात. १:८७ मध्येच मीटरगेज ११.५ मिमी होतो, त्याला १२ मिमी घ्या. ६०० मिमीचा फील्ड रेल्वेचा (शेतात-खाणीत टाकलेल्या हलक्या लाइनीचा) रूळ ६.९ मिमी होतो, त्याला झेडचे ६.५ मिमी लावतात. १:४८ मध्ये अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिमीचे रूळ १५.९ मिमी येतात, त्यांना एचओचे १६.५ मिमी. ब्रिटिश ४ मिमी-प्रति-फूट प्रमाणात ९ मिमी रूळ बरोबर सव्वादोन फुटांचे होतात. टॅलिलिन आणि कॉरिस या वेल्समधल्या दोन लाइनींचं माप नेमकं तेवढंच आहे. त्याच प्रमाणात १२ मिमी म्हणजे नेमके तीन फूट, ते आयर्लंडच्या नॅरोगेज लाइनींना तंतोतंत लागू पडतात.

अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावरून झोप उडवून घेऊ नका. ८.७ ऐवजी ९ कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. पण १:८७ मध्ये ६०० मिमीसाठी ९ मिमी रूळ घेतले तर इंजिन पाय फाकवून उभं राहिल्यासारखं दिसतं. दहा टक्क्यांपर्यंतची चूक खपते, त्यापुढची दिसते. हा माझा अंदाज आहे, नियम नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर १:८७ वर ९ मिमी किंवा १:४८ वर १६.५ मिमी. दोन्हींसाठी चासींचा (मोटर आणि चाकांसह खालच्या सांगाड्यांचा) तुटवडा नाही. बोटं जाड असतील, नजर थकत असेल, तर सरळ १:४८ घ्या.

टप्पा २: कुठलं इंजिन?

इथे मन भरकटतं, भरकटू द्या. पण निवडताना एक गोष्ट बघा: खालची चाकं किती झाकलेली आहेत? जितकी झाकलेली, तितकं तुमचं काम सोपं.

सगळ्यात सोपी, मोटर रेल कंपनीची ४० अश्वशक्तीची सिम्प्लेक्स. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या ६०० मिमी लाइनींसाठी ही बनली, उघडी, अर्धी झाकलेली आणि पूर्ण चिलखती अशा तीन रूपांत. मुळात ती पेट्रोलवर चालायची. युद्धानंतर बऱ्याच इंजिनांत डिझेल मशीन बसवलं गेलं. फेस्टिनिऑगची १९१७ ची ‘मेरी अॅन’ त्यांपैकीच. चार चाकं, साखळीची ओढ, बाहेरून जाड फ्रेम. चिलखती रूप म्हणजे लोखंडी पेटीच, आत कुठलीही मोटर लपते.

दिसायला सगळ्यात विचित्र माझ्या मते आयर्लंडच्या काउंटी डोनेगल रेल्वेचं ‘फीनिक्स’. १९२८ मध्ये अॅटकिन्सन-वॉकर कंपनीने हा वाफेवरचा ट्रॅक्टर क्लॉगर व्हॅली लाइनीसाठी बनवला. तिथे तो काही चालला नाही. १९३२ मध्ये डोनेगलने तो घेतला, बॉयलर काढून गार्डनरचं डिझेल मशीन बसवलं, आणि मग तो अनेक वर्षं शंटिंग करत राहिला. तीन फुटी गेज, म्हणजे ४ मिमी प्रमाणात १२ मिमीचे रूळ, आणि टीटीची कुठलीही छोटी चार चाकी चासी कामाला येते.

ऑस्ट्रियाची २०९५ मालिका ७६० मिमीवरची, १९५८ पासून बनलेली. ही बोगींवरची डिझेल-हायड्रॉलिक आहे, पण प्रत्येक बोगीवर वाफेच्या इंजिनासारखे जोडदांडे बाहेरून फिरतात. चालताना बघायला अप्रतिम. पण पहिलं काम म्हणून हात लावू नका, दांडे जुळवताना नाकी नऊ येतात.

अमेरिकेतलं डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्नचं ५० नंबरचं डॅव्हनपोर्ट इंजिन १९३७ मध्ये सम्प्टर व्हॅली लाइनीसाठी बनलं आणि १९६३ पासून ड्युरँगोच्या यार्डात राबलं. दिसायला फार गोड. मात्र १:८७ मध्ये तीन फूट म्हणजे १०.५ मिमी, आणि त्या मापाच्या तयार चासी कमीच. १:४८ मध्ये १६.५ मिमीवर थोडी चोरी करून करता येतं.

आणि हार्झचा उंट. त्याबद्दल पुढे.

टप्पा ३: चासी शोधा, पण कॅलिपर घेऊन

लोक आधी बॉडी बनवतात आणि मग तिच्यात बसेल अशी चासी शोधत बसतात. उलटं करा. चासी हातात आल्याशिवाय प्लॅस्टिकला सुरी लावू नका.

शक्य तेवढं गेज बदलणं टाळा. लहान प्रमाणाची चासी मोठ्या प्रमाणाच्या बॉडीखाली घालणं हा राजमार्ग आहे: एनची चासी ९ मिमी नॅरोगेजला, टीटीची १२ मिमीला, एचओची १:४८ ला. चाकं आधीच योग्य अंतरावर, विजेचे पत्ते (चाकांतून वीज घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आधीच जागेवर. गेज बदलण्याचा मार्ग तेव्हाच घ्या जेव्हा हवी ती बोगी त्या गेजमध्ये मिळतच नाही.

डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने ही मापं एका कागदावर घ्या: चाकांचा व्यास, धुऱ्यांमधलं अंतर, बोगी असतील तर दोन केंद्रांमधलं अंतर, मोटरीची उंची रुळापासून, चासीची सर्वात रुंद जागा, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये बसणाऱ्या गिअर-मनोऱ्याची (मोटरीची गती धुऱ्यापर्यंत नेणाऱ्या गिअरच्या पेटीची) रुंदी. गेज बदलायचं असेल तर हे शेवटचं माप बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं.

मग खऱ्या इंजिनाची मापं प्रमाणाने भागा आणि शेजारी लिहा. खरं चाक ६१० मिमी व्यासाचं असेल तर १:८७ मध्ये ७ मिमी. चासीचं चाक ६.२ असेल तरी चालेल, ८.५ असेल तर सोडा. धुऱ्यांच्या अंतरात दोन मिलिमीटर कमी-जास्त झाले तर बाहेरच्या फ्रेममागे झाकता येतात. मोटरीची उंची मात्र झाकता येत नाही. बॉनेटच्या वर मोटर डोकावली की खेळ संपला. कॅबच्या खिडकीत मोटर दिसत असेल तर काळा रंग आणि समोर बसवलेला ड्रायव्हर यांवर भागतं.

टप्पा ४: चाकजोडीचं गेज बदलणं

ज्यांची चासी आधीच योग्य गेजची आहे त्यांनी हा टप्पा ओलांडून पुढे जावं. बाकीच्यांनी चहा बाजूला ठेवून वाचावं.

आजच्या बहुतेक मॉडेलमध्ये एक चाकजोडी म्हणजे दोन चाकं, प्रत्येकाला आतल्या बाजूला एक छोटा धातूचा अर्धधुरा, आणि ते दोन्ही अर्धधुरे मध्यभागी एका प्लॅस्टिकच्या नळीत दाबून बसवलेले. त्या नळीवरच गिअरचे दात असतात. नळी प्लॅस्टिकची, कारण डाव्या आणि उजव्या रुळाची वीज एकमेकींना भेटू नये.

रुळांच्या मापापेक्षा इथे चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कामाचं आहे. १६.५ मिमी रुळांसाठी ते साधारण १४.४ मिमी असतं, १२ मिमीसाठी साधारण १०.२, ९ मिमीसाठी साधारण ७.५. तुमच्या रुळांचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागा) कोणत्या मानकाने बनलेत ते बघून नेमका आकडा घ्या. म्हणजे १६.५ वरून १२ वर यायचं तर एकूण ४.२ मिमी कमी करायचे, प्रत्येक बाजूने २.१.

आता कसोटी: तुमचा गिअर-मनोरा १०.२ मिमीच्या फटीत, दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून बसतो का? मनोरा साडेनऊपर्यंत असेल तर काम आहे. अकरा असेल तर तासून मिळवण्याचा मोह आवरा. आतल्या गिअरचे खांब कमकुवत होतात आणि गिअर तिरके चालू लागतात. डीडीएम-४५ वाल्यांनी मोठी मोटर तासली नाही, लहान घेतली. तुम्हीही लहान प्रमाणातली दुसरी बोगी शोधा.

मनोरा बसत असेल तर पुढचं काम या क्रमाने:

१. चाकजोडी बोगीतून काढा. कुठलं चाक कुठल्या धुऱ्याचं ते कागदावर मांडा. काही जोड्यांवर रबरी पकड-कडी असते, तिची जागा बदलू देऊ नका.

२. दोन्ही चाकं हलक्या हाताने पिळत बाहेर ओढा. पक्कड चाकाच्या कडेला लावू नका, तिथला ओरखडा पुढे प्रत्येक सांध्यावर टकटक करतो.

३. प्रत्येक अर्धधुऱ्याचं टोक २.१ मिमीने कापा. नुसती चाकं आत ढकलली तर दोन अर्धधुरे नळीच्या मधोमध एकमेकांना टेकतात आणि रुळावर ठेवताच शॉर्ट. दोन टोकांमध्ये निदान अर्धा मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे. कापायला छोट्या मोटरीची चकती वापरा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग टोकाची कड बारीक कानशीने गोल करा, नाहीतर ते नळी आतून चिरतं.

४. नळीच स्वतः १०.२ पेक्षा लांब असेल तर दोन्ही टोकांनी सारखी कापा. एकाच बाजूने कापली तर गिअर मध्यभागावरून सरकतो आणि वर्मशी (मोटरीकडून येणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरशी) जुळत नाही.

५. चाकं परत दाबायला हातोडी नको. छोट्या शिकंज्यात, जबड्यांवर लाकडाची पातळ पट्टी ठेवून, सावकाश. दर थोड्या दाबानंतर कॅलिपरने माप घ्या. चाक तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं सारखी आली नाहीत तर चाक तिरकं बसलंय आणि इंजिन झुलत चालेल.

६. मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही चाकांना टेकवा. आवाज आला नाही पाहिजे.

७. नळी सैल झाली असेल तर धुरा पकडणाऱ्या द्रव गोंदाचा अगदी सूक्ष्म थेंब पुरतो. काही गोंद प्लॅस्टिकला तडे देतात, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा.

चाकं आत आली की विजेचे पत्ते हवेतच राहतात, चाकांना टेकत नाहीत. फॉस्फर-ब्राँझची पातळ पट्टी किंवा तार घेऊन नवे पत्ते बनवा. ते चाकाच्या पाठीला हळुवार टेकले पाहिजेत. जोरात टेकले तर ब्रेकचं काम करतात. वीज शक्य तितक्या चाकांतून घ्या. चार चाकी इंजिन सांध्याच्या प्लॅस्टिकच्या टोकावर अडकतं ते बहुधा एकच चाक वीज देत असल्याने.

हार्झचा उंट, घरी

या इंजिनाची गंमत अशी की खऱ्या वर्कशॉपने जे केलं तेच मॉडेलमध्ये जसंच्या तसं करता येतं. एचओ प्रमाणातलं पूर्व जर्मन व्ही-१०० चं मॉडेल घ्या, त्याची बॉडी वापरा. खाली टीटीच्या सहा धुऱ्यांच्या डिझेल मॉडेलमधल्या तीन धुऱ्यांच्या बोगी घाला, त्या आधीच १२ मिमीवर आहेत. मूळ मोटर ठेवायची असेल तर कार्डन शाफ्टची उंची नव्या बोगीच्या वर्मशी जुळवावी लागते, आणि ती जुळत नाही असंच धरून चाला. मधली चासी एक मिलिमीटरच्या पितळी पट्टीतून नवी बनवणं हे जुनी कापत बसण्यापेक्षा लवकर होतं.

बोगीच्या बाजूच्या दर्शनी फ्रेम टीटीच्या असल्याने लहान वाटतील. त्या काढून नव्या चिकटवा. त्रिमितीय प्रिंट इथे उत्तम. मधल्या धुऱ्याला आडवी सरकायला अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा ठेवा, नाहीतर वळणावर बोगी अडते.

टप्पा ५: वळणाचा हिशेब

नॅरोगेजच्या लाइनी वळणांच्या असतात, आणि बॉडी रुळांच्या मानाने फार रुंद. म्हणून बॉडी बनवण्यापूर्वी हा हिशेब करा.

इंजिनाचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला किती सरकतो: बोगी-केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. टोक बाहेर किती फेकलं जातं: एकूण लांबीच्या वर्गातून केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग वजा करा आणि पुन्हा त्रिज्येच्या आठपटीने भागा.

समजा केंद्रं ८० मिमी अंतरावर, एकूण लांबी १६० मिमी आणि त्रिज्या ३५० मिमी. मध्यभाग ६४०० भागिले २८००, म्हणजे २.३ मिमी आत. टोक १९२०० भागिले २८००, म्हणजे जवळपास ७ मिमी बाहेर. सात मिलिमीटर १:८७ मध्ये साठ सेंटिमीटर होतात. शेजारच्या रुळावर उभ्या डब्याला इंजिन कानफटात देणार हे कागदावरच कळलं. कपलिंगही टोकासोबत तेवढंच सरकतं, म्हणून लांब इंजिनाचं कपलिंग बॉडीला न लावता बोगीला लावा.

चार चाकी इंजिनाला हाच हिशेब धुऱ्यांमधलं अंतर घेऊन करा. आकडे इतके लहान येतात की बहुधा चिंता नसते. सिम्प्लेक्स सुचवण्यामागे हेही कारण होतंच.

टप्पा ६: बॉडी

आधी जाड पुठ्ठ्याची. खरोखर. कापून, चिकटपट्टीने जोडून चासीवर ठेवा, शेजारी त्या प्रमाणातली माणसाची आकृती उभी करा आणि दोन दिवस बघत राहा. १:८७ मध्ये १७५ सेंटिमीटरचा माणूस २० मिमी असतो. कॅबच्या दारातून तो वाकून गेला तरी चालेल, नॅरोगेजवर माणसं वाकतातच, पण तो छतापेक्षा उंच असेल तर बॉडी चुकली आहे. नॅरोगेज इंजिनाची रुंदी गेजच्या अडीच ते तीनपट असू शकते, त्यापलीकडे गेलात तर एकदा फोटो तपासा.

मग स्टायरिन या प्लॅस्टिकची शीट: भिंतींना एक मिलिमीटर, वरच्या बारीक पट्ट्यांना पाव ते अर्धा. जोडायला पातळ प्लॅस्टिक-द्रावक, ब्रशने सांध्यावर टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. खिडक्यांच्या काचेजवळ सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. रिव्हेट हवे असतील तर शीटच्या मागून बोथट सुईने टोचा. रेझिन प्रिंट करत असाल तर कच्च्या रेझिनला हातमोजे घातल्याशिवाय शिवू नका आणि खोली हवेशीर ठेवा.

बॉडी चासीवरून सहज निघाली पाहिजे. ती गोंदाने चिकटवणारे लोक आहेत. पुढे तेल द्यायची वेळ आली की ते तीच बॉडी फोडतात.

टप्पा ७: वजन आणि कपलिंग

खऱ्या लाइनीला वजन नको असतं, मॉडेलला हवं असतं. हलकं इंजिन चाकं फिरवत जागेवर उभं राहतं आणि वीजही नीट घेत नाही. रिकाम्या कोपऱ्यांत टंगस्टनची पेस्ट किंवा शिशाच्या पट्ट्या भरा. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, आणि ते कापताना मुलं जवळ नकोत. वजन दोन्ही धुऱ्यांच्या मधोमध संतुलित हवं. बोट चासीखाली आडवं धरून इंजिन तोलून बघा.

कपलिंगची उंची एकदाच ठरवा आणि सगळ्या गाड्यांना तीच ठेवा. बाकी कुठला प्रकार घ्यायचा हा आवडीचा भाग.

टप्पा ८: वेग, म्हणजे बहुतेकांचं विसरलेलं काम

एनची चासी १:१६० प्रमाणात ताशी १६० किमी धावायला बनली असेल, तर ती सेकंदाला सुमारे २८ सेंटिमीटर जाते. तिच्यावर १:८७ ची बॉडी चढवली की तोच वेग ताशी जवळपास ८७ किमी होतो. शंटिंग करणारं फीनिक्स त्या वेगाने पळताना बघितलं की सगळी मेहनत मातीत. १:८७ मध्ये ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला ६४ मिमी. एक मीटर रुळ पार करायला सोळा सेकंद लागले पाहिजेत.

इंजिनात डिजिटल डिकोडर (हुकूम घेऊन मोटर चालवणारी चिप) असेल तर काम सोपं, त्यातल्या बदलता येणाऱ्या सेटिंगांना सीव्ही म्हणतात: सीव्ही ५ मध्ये कमाल वेग कमी करा, सीव्ही ६ मध्ये मधला, सीव्ही २ मध्ये सुरुवातीचा धक्का. सीव्ही ५ अगदी तळाला नेऊ नका, वेगाच्या पायऱ्या एकमेकांत मिसळतात. छोट्या चार चाकीत डिकोडरसोबत वीज साठवणारा कपॅसिटर जागा असेल तर घालाच, सांध्यांवर त्याचा उपकार कळतो. साध्या डीसीवर चालवत असाल तर जास्त गिअर कपातीची मोटर शोधणं हा एकच चांगला मार्ग, व्होल्टेज कमी करून वेग घटतो पण ओढ जाते.

चाचणी

रंग देण्यापूर्वी, बॉडी न घालता, इंजिन दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा तास गोल फिरवा. मग बॉडी घालून. मग सगळ्यात तीव्र वळणावर, मग सांध्यातून उलट दिशेने ढकलत. नेहमी एकाच सांध्यावर उतरत असेल तर आधी सांधा तपासा, सगळीकडे उतरत असेल तर चाकजोड्या. सरळ रुळावर झुलत असेल तर एखादं चाक धुऱ्यावर तिरकं आहे. एकाच दिशेने कुरकुर करत असेल तर वर्मला पुढे-मागे सरकायला जास्त जागा आहे, पातळ वॉशर टाकून ती कमी करा. वंगण वर्मला जाड, धुऱ्यांच्या टोकांना पातळ, आणि दोन्ही सुईच्या टोकाएवढंच. जास्तीचं तेल चाकांवर उतरतं, तिथून रुळांवर, आणि मग तुमचं नवं इंजिन बाकीच्या सगळ्या गाड्यांनाही घसरवतं.

रंग शेवटी. प्राइमरचा एकच पातळ हात, बारीक तपशील बुजू देऊ नका. आणि चाकांच्या ज्या कडा रुळाला टेकतात त्यांवर रंगाचा एक ठिपकाही राहणार नाही याची काळजी घ्या.